तुझे अकरा, दादाचे किती? दोन बेटांच्या वेळा जुळवायची रीत

शनिवार पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चाळीस वर्षं चालवतोय. भिंतीवर कायम पंधरा-वीस घड्याळं लटकलेली असतात आणि त्यातली कुठलीही दोन एक वेळ दाखवत नाहीत, कारण ती दुरुस्तीलाच आलेली असतात. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काका, यातलं खरं कुठलं?" मी मनगट पुढे करतो.

अशा माणसाच्या घरात वेळेचा घोळ व्हावा हे शोभत नाही, पण झाला. २०२५ च्या भाऊबीजेला झाला आणि चूक माझीच होती. ती कशी झाली हे सांगितलं की रीत समजायला सोपी जाईल, म्हणून आधी ते सांगतो.

थोरला मुलगा न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये नर्स आहे. धाकटी मॉरिशसला, क्वात्र बोर्न गावात दिलेली. तिचं सासर तिथलंच मराठी. ऊसमळ्यांच्या कामाला गेलेल्या कोकणातल्या लोकांचे हे वंशज. घरात बोलतात क्रिओल, पण गणपतीच्या आरत्या आपल्यापेक्षा खणखणीत म्हणतात. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

तर, ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती, शनिवार. मी वेळ ठरवून दिली: मॉरिशसचे सकाळचे अकरा, वेलिंग्टनचे संध्याकाळचे सात, आपले साडेबारा. तिघंही बरोबर वेळेवर फोनवर आले. मग २३ ऑक्टोबरच्या भाऊबीजेसाठी मी ऐटीत निरोप टाकला: "राखीचीच वेळ. तुझे अकरा, दादाचे सात." मुलगी रजा टाकून, ताटात निरांजन लावून अकराला बसली. मुलगा सातला बसला. दोघंही आपापल्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर, आणि दोघांमध्ये एक तासाचं अंतर! तो अर्धा-पाऊण तास वाट बघून रात्रपाळीला निघून गेला. तिनं दादाच्या फोटोला ओवाळलं. संध्याकाळी आमच्या हिनं एकच वाक्य ऐकवलं, "जगाची घड्याळं दुरुस्त करता." ते अजून अधूनमधून ऐकवलं जातं.

आता रीत.

पहिली गोष्ट म्हणजे मधून पुणे काढून टाका. आपण सगळे आपल्यापासून मोजतो. मॉरिशस आपल्या दीड तास मागे, न्यूझीलंड साडेसहा तास पुढे. मग त्या दोघांमध्ये किती? आमच्या हिनं साडेसहातून दीड वजा केले आणि पाच सांगितले. दुकानात सहज दहा जणांना विचारून बघितलं, चार जणांनी पाचच सांगितले. एक मागे आणि एक पुढे असेल तर बेरीज करायची असते, आठ होतात. पण मुळात ही साडे आणि दीडची भानगड आपल्या भारतीय वेळेमुळे येते. भाऊ-बहिणीच्या वेळेशी तिचा काही संबंध नाही.

म्हणून दोघांसाठी एकच शून्य धरायचं. जगानं ते ग्रीनिचला धरलंय. आपल्या जुन्या ज्योतिषात शून्याची रेषा उज्जैनवरून लंकेला जाते असं मानत आणि पंचांगकर्ते तिथून देशांतर काढत, म्हणजे आपलं गाव त्या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती ते. काम तेच. शून्य कुठेही धरा, पण दोघांना एकच हवं. फोनमध्ये कुठल्याही गावाच्या वेळेपुढे "जीएमटी" किंवा "यूटीसी" लिहून एक आकडा असतो, तो टिपून घ्या. मॉरिशस +४. न्यूझीलंड +१२. मोठ्यातून लहान गेला, आठ. ज्याचा आकडा मोठा, तो पुढे. आईबाबांना तिसरं माणूस म्हणून सगळ्यात शेवटी जोडायचं: +५:३०.

चिन्हाकडे मात्र चष्मा लावून बघा. आपले लोक ज्या बेटांवर गेले त्यातलंच दुसरं उदाहरण घेतो, फिजी आणि त्रिनिदाद. फिजी +१२, त्रिनिदाद −४. इथे बारातून चार काढून आठ म्हणाल तर फसाल. शून्याच्या एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला चार. अंतर सोळा तास. फिजीत सोमवारचे सकाळी नऊ वाजतात तेव्हा त्रिनिदादमध्ये रविवारचे संध्याकाळी पाच झालेले असतात. लोक इथे नकाशावरची ती पॅसिफिकमधली तारीखरेषा काढून बसतात, कोण कुठून कुठे गेलं, दिवस मिळाला की गेला. त्या रेषेचा विचारच करू नका. बेरीज-वजाबाकी चिन्हासकट केली की वार आपोआप बरोबर येतो.

उत्तर आलं की ते ठीक आहे का हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंशाला चार मिनिटं. मॉरिशस साधारण ५७.५ अंश पूर्वेला, वेलिंग्टन साधारण १७४.८ अंशावर. फरक ११७.३ अंश, चारनं गुणले तर ४६९ मिनिटं, म्हणजे सात तास एकोणपन्नास मिनिटं. सूर्याच्या हिशोबानं एवढं, घड्याळाच्या हिशोबानं आठ. जवळ आहे, म्हणजे चिन्ह चुकलेलं नाही. पाच आले असते तर इथेच पकडले गेले असते. थोडा फरक राहतो तो सरकारांनी सोयीसाठी पूर्ण तास धरल्यामुळे. आपल्याकडेही ८२.५ अंशांची रेषा धरलीय, मिर्झापूरजवळून जाणारी. पुणे तिच्या जवळजवळ पावणेनऊ अंश पश्चिमेला. म्हणून पुण्यात सूर्य डोक्यावर यायला सरासरी बारा पस्तीस होतात. मुंबईनं तर १९५५ पर्यंत स्वतःची मुंबई वेळ सोडली नव्हती, भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. वडील सांगायचे, मुंबईहून आलेलं घड्याळ मागे पडतंय म्हणून ते मशीन उघडून बसले, तर मशीन ठणठणीत होतं.

आता जिथे मी पडलो तो खड्डा. आकडा वर्षभर तोच राहतो असं समजू नका.

न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तीनला एक तास मागे आणतात. मधल्या काळात त्यांचा आकडा +१३ असतो. मॉरिशस मात्र वर्षभर +४ वरच. म्हणजे राखीला भाऊ-बहिणीत आठ तास आणि भाऊबीजेला नऊ! दरवर्षी. राखी येते श्रावणात, भाऊबीज कार्तिकात, आणि सप्टेंबरचा तो रविवार बरोबर दोघींच्या मधे. आपल्या सणांचा आणि त्यांच्या घड्याळाचा असा छत्तीसचा आकडा आहे हे मला त्या ऑक्टोबरात कळलं.

घड्याळ हलवायची ही कल्पना निघाली तीही वेलिंग्टनमधूनच, असं मुलानं सांगितलं. जॉर्ज हडसन नावाचे एक गृहस्थ पोस्टात कामाला होते आणि त्यांना किडे गोळा करायचा नाद होता. काम संपल्यावर किडे शोधायला उजेड उरावा म्हणून त्यांनी १८९५ मध्ये तिथल्या विद्वत्सभेपुढे सूचना मांडली, उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा. लोक हसले म्हणतात. १९२७ मध्ये मात्र कायदा झाला. तिथे त्याला अर्थही आहे. वेलिंग्टन ४१ अंश दक्षिणेला. उन्हाळ्यात पंधरा तासांचा दिवस, हिवाळ्यात जेमतेम नऊचा. मॉरिशस २० अंशांवर. पुणं विषुववृत्ताच्या वर जितकं, जवळपास तितकंच ते खाली. तिथे दिवस एवढा लांबत नाही. त्यांनी २००८ च्या ऑक्टोबरात घड्याळ पुढे करून बघितलं, २००९ च्या मार्चमध्ये मागे आणलं आणि नाद सोडून दिला. शहाणी माणसं.

तेव्हा कुठल्याही दोन बेटांसाठी दोन प्रश्न विचारायचे. इथे घड्याळ हलवतात का? हलवत असतील तर ज्या तारखेला बोलायचंय त्या तारखेला ते कुठे असेल? "त्या तारखेला" हे महत्त्वाचं. फोनमधलं जागतिक घड्याळ आत्ताची वेळ अचूक दाखवतं, पण ऑगस्टमध्ये बघून ऑक्टोबरचं ठरवलंत तर माझ्यासारखी गत होईल. आणि दक्षिणेकडच्या बेटांवर उन्हाळा आपल्या दिवाळीत सुरू होतो. इंग्लंडमधले नातेवाईक मार्चअखेर घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरअखेर मागे, न्यूझीलंडवाले उलटे. ज्यांचा एक मुलगा लंडनला आणि एक ऑकलंडला आहे त्यांच्यात वर्षातून तीन वेगवेगळे फरक पडतात: अकरा, बारा आणि तेरा तास. इंग्लंडही बेटच, तेव्हा हीच रीत चालेल, फक्त धीर जास्त लागेल.

दिवाणखान्यात मी तीन घड्याळं लावली होती, खाली पितळी पट्ट्यांवर गावांची नावं. दिसायला झकास. कामाला शून्य. बारा आकड्यांची डायल सकाळ की रात्र सांगत नाही, वार सांगत नाही, आणि सप्टेंबरच्या रविवारी पहाटे उठून स्वतःहून पुढे होत नाही. त्याऐवजी आता फ्रीजवर कागदाच्या दोन पट्ट्या आहेत. त्या कशा करायच्या ते नीट सांगतो, कारण खरं काम त्याच करतात.

गणिताची चौकटीची वही घ्या. २४ चौकटींची एक पट्टी कापा, त्यावर ० ते २३ आकडे लिहा. ही मॉरिशसची, एका दिवसाची. दुसरी पट्टी ४८ चौकटींची कापा. ० ते २३ आणि परत ० ते २३. ही वेलिंग्टनची, आज आणि त्याचा दुसरा दिवस. दुसऱ्या शून्याच्या आधी लाल पेननं जाड रेघ ओढा, ती मध्यरात्र. मोठी पट्टी कार्डावर चिकटवा, लहान पट्टी तिच्या वरच्या कडेला लागून सरकती ठेवा. मी जुन्या घड्याळाच्या पट्ट्यातली दोन कडी लावलीत, तुम्ही दोन टाचण्या लावा. एप्रिल ते सप्टेंबर मॉरिशसचं शून्य वेलिंग्टनच्या आठावर. सप्टेंबरच्या त्या रविवारनंतर नवावर. वर्षातून दोनदा एक घर सरकवायचं, बस.

मग पेन्सिलीनं ज्याची त्याची झोप काळी करा आणि नोकरीचे तास तिरक्या रेघांनी भरा. हे मात्र त्यांना विचारून करा. मुलगा बारापर्यंत जागतो असं मी धरलं होतं. तो दहाला झोपतो हे पट्टी करताना कळलं. मुलीची नोकरी नऊ ते चार, बाराला तासाभराची सुट्टी. रंगवून झाल्यावर दोन्हीकडे पांढऱ्या राहिलेल्या चौकटी शोधायच्या. आमच्या पट्टीवर तिथल्या हिवाळ्यात कामाच्या दिवशी एकच सापडली: तिचे बारा ते एक, त्याचे रात्री आठ ते नऊ. पुण्यात दीड ते अडीच. दुकान तेव्हा बंद असतं, त्याबद्दल जास्त बोलायला नको. वामकुक्षीचा तेवढा बळी जातो. तिथल्या उन्हाळ्यात तीच चौकट त्याच्याकडे नऊ ते दहा होते, म्हणजे जरा घाईची. पण आणखी एक उघडते. तिच्या रात्रीचे नऊ ते दहा म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा ते सात. तो चहा पितो, ती भांडी आवरून बसलेली असते. हे त्या दोघांचं आपलं आपलं बोलणं. पुण्यात तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असतात आणि आम्ही आडवे झालेलो असतो. ही चौकट मला मुळीच सुचली नसती, कारण मी सगळं माझ्या सोयीनं बघत होतो.

वाराचं बघा आता. लाल रेघ मॉरिशसच्या कुठल्या आकड्याखाली येते? हिवाळ्यात १६, उन्हाळ्यात १५. म्हणजे तिच्याकडे दुपारी चार (किंवा तीन) वाजले की दादाचा वार बदलला. तिच्या शनिवार रात्रीला त्याचा रविवार उजाडत असतो. "रविवारी बोलू" एवढं बोलून भागत नाही, कुणाचा रविवार ते सांगावं लागतं. त्यातून आपली मराठी. "परवा" म्हणजे मागचा की पुढचा हे आपल्याला बोलण्यावरून कळतं, लिहिलेल्या निरोपात जावयाला कळत नाही. "आज रात्री बारा" म्हणजे आजची सुरुवात की शेवट? शिवाय आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो असं मनात पक्कं, म्हणून शनिवारची रात्र सरून तीन वाजले तरी आम्ही "शनिवारी रात्री तीनला" म्हणतो, तिकडे कॅलेंडरवर रविवार असतो. आमच्या घरच्या निरोपातून आज, उद्या, परवा हे शब्द मी काढूनच टाकले. निरोप असा जातो: "मॉरिशस गुरुवार सकाळी ११, वेलिंग्टन गुरुवार रात्री ८, पुणे गुरुवार दुपारी १२:३०." तिन्ही गावं, तिन्ही वार. लांबडं वाटतं, पण ज्याला त्याला आपली ओळ वाचून मोकळं होता येतं.

ज्यांना तिथी पाळायची असते त्यांच्यासाठी थोडं जास्त. पंचांगात तिथी संपण्याची वेळ भारतीय वेळेत दिलेली असते. तिथी हा चंद्र-सूर्यातला कोन, त्यामुळे ती साऱ्या जगात एकाच क्षणी संपते. फक्त घड्याळं वेगळी दाखवतात. समजा द्वितीया रात्री आठला संपते असं छापलंय. साडेपाच वजा केले, शून्यावर दुपारचे अडीच. त्यात चार मिळवले, मॉरिशसला संध्याकाळी साडेसहा. तेरा मिळवले, वेलिंग्टनला दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीन. सण कुठल्या दिवशी धरायचा हे पुन्हा तिथल्या सूर्योदयावर जातं, तेव्हा तिथलं पंचांग किंवा तिथल्या मंदिरातले गुरुजी म्हणतील ते धरा. मुंबईच्या सूर्योदयावर वेलिंग्टनला उपास सोडू नका.

फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करत असाल तर वेळेखाली ठिकाण निवडायची सोय असते. तिथे "वेलिंग्टन" किंवा "ऑकलंड" असं गावाचं नाव निवडा, नुसता +१२ निवडू नका. गावाच्या नावाबरोबर घड्याळ हलवायचा नियमही येतो, आकड्याबरोबर येत नाही. नोंद पाठवली की प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या त्याच्या वेळेत दिसते. हे मुलानं दहा मिनिटांत शिकवलं आणि मग विचारलं, "बाबा, मग पट्ट्या कशाला?" फोन एका क्षणाचं उत्तर देतो, पट्टीवर अख्खा दिवस एका नजरेत दिसतो. मोकळी चौकट पट्टीवरच सापडते. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पट्टीचा फोटो मात्र त्यानं मागून घेतला.

दुकानात बोटीवर नोकरी करणारा एक गिऱ्हाईक येतो, दर सुट्टीत त्याचं चावीचं घड्याळ साफ करून घ्यायला. त्यानं सांगितल्यापासून मी आडवळणाच्या बेटांची टिपणं ठेवतो. न्यूझीलंडच्याच चॅटम बेटांवर आकडा +१२:४५, उन्हाळ्यात +१३:४५. अशा ठिकाणी सगळ्याची मिनिटं करा: ७६५ मधून मॉरिशसची २४० गेली, ५२५, म्हणजे पावणेनऊ तास. पट्टी करायची तर तासाला चार चौकटी धरा. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर घड्याळ हलवतात तेही अर्धाच तास, +१०:३० वरून +११. हवाई −१० आणि किरिबाटीतलं किरितिमाती +१४. दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ आणि तारखेत एका दिवसाचा फरक. आणि सामोआनं तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा शुक्रवार गाळूनच टाकला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार, आणि सामोआचा शुक्रवार म्हणजे त्यांचा शनिवार, दोन दिवस वाया जायचे. म्हणून गुरुवारी रात्री झोपले ते शनिवारी उठले. शेजारचं अमेरिकन सामोआ जिथल्या तिथे राहिलं. तेव्हा जुन्या छापील तक्त्यावरून अशा बेटांची वेळ काढू नका. आमच्या दुकानातल्या जुन्या डायरीत सामोआ अजून −११ च आहे.

त्या तीन घड्याळांतली दोन मी दिवाणखान्यातून काढली. मॉरिशसचं मुलगी आली तेव्हा घेऊन गेली. पुण्याचं होतं तिथेच. न्यूझीलंडच्या घड्याळाची पितळी पट्टी हिनं उतरवली, ते स्वयंपाकघरात लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पाच मिनिटं पुढे केलं.